रोलच्या रिकाम्या डब्या: कोणती ठेवायची, कशासाठी आणि कोणती अजिबात नाही

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: घर आवरताना कॅमेऱ्याच्या फिल्मच्या रोलच्या खोकंभर जुन्या डब्या सापडल्या आहेत. बहुतेक प्लॅस्टिकच्या, काही काळ्या, काही पांढुरक्या. थोड्या ॲल्युमिनियमच्या, आट्यांच्या झाकणाच्या. आणि दोन-तीन मोठे चपटे डबे, ज्यांत काहीतरी आहे पण उघडून पाहिलेलं नाही. टाकून द्यायच्या की ठेवायच्या, आणि ठेवल्या तर वापरायच्या कशाला?

मी फिल्मवर काम करतो, रोल स्वतः भरतो, स्वतः धुतो. त्यामुळे माझं उत्तर सरळ आहे: या डबीचा सगळ्यात चांगला उपयोग अजूनही फिल्म ठेवण्याचाच आहे. बाकी सगळं त्यानंतर. पण त्याआधी एक काम करावं लागेल. प्रत्येक डबी हलवून बघा, आणि ज्यांत काही आहे त्या बाजूला काढा. ‘रिकाम्या’ म्हणून दिलेल्या खोक्यात एखादा तरी भरलेला रोल निघतोच.

छोट्या डबीत रोल निघाला तर आधी त्याचं टोक बघा. रोलच्या फटीतून फिल्मची पट्टी बाहेर डोकावत असेल तर तो बहुधा न वापरलेला आहे. पट्टी पूर्ण आत गेली असेल तर तो वापरून झालेला, म्हणजे आत फोटो असण्याची शक्यता मोठी. ‘बहुधा’ म्हणतोय, कारण काही जण रोल गुंडाळताना पट्टी मुद्दाम बाहेर ठेवतात. कुतूहलापोटी ती पट्टी ओढून बघू नका, जेवढी उजेडात आली तेवढी गेली. रोलवरचं लिखाण मात्र नीट वाचा, फिल्म धुण्याची पद्धत तिथे छापलेली असते. ‘सी-४१’ असेल तर आजची कुठलीही रंगीत लॅब तो धुऊ शकते. ‘सी-२२’ ही त्याआधीची पद्धत, १९७२मध्ये सी-४१ आल्यावर ती मागे पडली. अशा रोलमधून आज साधारणपणे काळी-पांढरी प्रतिमाच काढली जाते. कोडॅकच्या कोडाक्रोम या रंगीत स्लाइड फिल्मचंही तसंच, डिसेंबर २०१०नंतर ती फिल्म रंगीत धुऊन देणारी लॅब उरलेली नाही. काळ्या-पांढऱ्या निगेटिव्हसारखी धुतली तर चेहरे दिसू शकतात, आणि जुन्या रोलच्या बाबतीत तेवढं मिळालं तरी पुष्कळ.

डबीत धुतलेली निगेटिव्ह वळकटी करून ठेवलेली सापडली तर तिला तिथून बाहेर काढायला हवं. फिल्मवर फिल्म घासते, वळण पक्कं होतं आणि पुढे स्कॅन करताना ती सपाट बसत नाही. पण ओढून सरळ करायला जाऊ नका. जुनी फिल्म कोरडी होऊन तडकते. सैल सोडून हळूहळू उलगडू द्या, मग कापून पॉलिप्रोपिलीन किंवा पॉलिएस्टरच्या पाकिटांत ठेवा. पीव्हीसीची पाकिटं नकोत. ती कालांतराने चिकट होतात आणि फिल्मला लागतात.

आता ते मोठे चपटे डबे. इथे जरा थांबा. त्यांत सिनेमाची फिल्म असू शकते, आणि सिनेमाच्या फिल्मचे तीन प्रकार लक्षात ठेवण्यासारखे आहेत. ३५ मिलिमीटर रुंदीची फिल्म १९५०च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत सेल्युलोज नायट्रेटवर बनत असे. नायट्रेट सहज पेट घेतं, आणि जळताना स्वतःच ऑक्सिजन सोडतं, त्यामुळे पाण्यानेही विझत नाही. खराब होत आलेली नायट्रेट फिल्म चिकट होते, तिला उग्र, नाकाला झोंबणारा वास येतो आणि शेवटी तिची तपकिरी भुकटी होते. त्यानंतरची ॲसिटेट फिल्म. ती तशी पेटत नाही, म्हणून तिच्या कडेवर इंग्रजीत ‘सेफ्टी’ छापलेलं असतं. पण ती खराब व्हायला लागली की व्हिनेगरसारखा आंबूस वास येतो. तो ॲसिटिक ॲसिडचा वास, आणि तेच ॲसिड पुढची खराबी आणखी वेगाने घडवतं. तिसरा प्रकार पॉलिएस्टर, तो या दोन्ही रोगांपासून मुक्त आहे. ८ आणि १६ मिलिमीटरची घरगुती फिल्म नायट्रेटची निघणं फार दुर्मीळ, त्यामुळे आधी मोजपट्टी लावून रुंदी मोजा.

रुंदी ३५ मिलिमीटर, वास उग्र आणि फिल्म चिकट किंवा भुकटी झालेली, असा मेळ दिसला तर डबा बंद करा, उष्णतेपासून आणि घरापासून दूर थंड जागी ठेवा आणि फिल्म अर्काइव्हला किंवा अग्निशमन दलाला विचारा. कचऱ्यात टाकू नका, पोस्टाने पाठवू नका. आंबूस वास असेल तर तशी घाई नाही, पण तो डबा बाकीच्या फिल्मपासून वेगळा करा, कारण ती वाफ शेजारच्या फिल्मलाही लागते. गंजलेल्या, हवाबंद डब्यात ॲसिड कोंडून राहतं आणि गंजातलं लोखंड त्या प्रक्रियेला हातभार लावतं. म्हणून अशी फिल्म हवा खेळती राहील अशा पॉलिप्रोपिलीनच्या डब्यात हलवतात. रिकामा झालेला गंजका डबा पुन्हा कुठल्याही फिल्मसाठी वापरू नका, शोभेला ठेवायचा तर ठेवा.

एवढं झालं की खरोखर रिकाम्या डब्या उरतात.

यांची वाटणी बहुतेक जण रंगावरून किंवा कंपनीवरून करतात. मी झाकणावरून करतो. एका प्रकारात झाकण डबीच्या काठावर बाहेरून बसतं. कोडॅकची काळी डबी आणि राखाडी झाकण हा त्याचा ओळखीचा नमुना. दुसऱ्यात झाकणाची कड डबीच्या आत बुचासारखी शिरते. फुजीच्या पांढुरक्या, अर्धपारदर्शक डब्या तशा. आतून बसणारं झाकण आतला दाब जास्त वेळ धरून ठेवतं, बाहेरून बसणारं लवकर सुटतं. दुसरा निकष उजेडाचा: काळी डबी उजेड अडवते, पांढुरकी अडवत नाही. या दोन गोष्टींवर पुढचे जवळजवळ सगळे उपयोग ठरतात. आकार मात्र सगळ्यांचा सारखाच, साधारण ३ सेंटिमीटर व्यास आणि ५ सेंटिमीटर उंची, कारण आत जाणारा रोल एकाच मापाचा असतो. १३५ नावाचा हा रोल कोडॅकने १९३४मध्ये रेटिना कॅमेऱ्याबरोबर आणला आणि ते माप आजही बदललेलं नाही.

फिल्मसाठी डब्या निवडताना झाकण बसवून अंगठ्याने दाबा आणि पुन्हा उघडा. जुनी झाकणं कडक होतात, कडेला बारीक चीर जाते. चीर असलेली डबी फिल्मसाठी बाद. उरलेल्या कोमट पाण्यात साध्या साबणाने धुवा, उकळत्या पाण्यात नाही. झाकण मऊ पॉलिथिलीनचं असतं, गरम पाण्याने त्याचा आकार बिघडला की ते पुन्हा घट्ट बसत नाही. धुतल्यावर झाकण उघडं ठेवून पूर्ण दिवस वाळू द्या. आत राहिलेला एक थेंबही बंद डबीतली हवा दमट करायला पुरेसा आहे.

आणि एक नियम मी कधी मोडत नाही: ज्या डबीत एकदा स्क्रू, वाळू, खिळे किंवा कुठलीही भुकटी ठेवली, ती परत फिल्मकडे येत नाही. रोलच्या फटीला मखमलीसारखी पट्टी असते, तिच्यात एक कण अडकला की फिल्म ओढली जाताना पहिल्या फ्रेमपासून शेवटच्यापर्यंत सरळ रेघ उमटते. ती रेघ कुठल्याही धुण्याने जात नाही. फिल्मच्या डब्यांवर मी कायमची खूण करतो आणि त्या वेगळ्या पेटीत ठेवतो.

तुम्ही स्वतः रोल भरत असाल तर या डब्यांना पर्याय नाही. १०० फूट म्हणजे ३०.५ मीटरच्या मोठ्या रिळातून ३६ फोटोंचे साधारण १८ रोल निघतात. ते सगळे भरून झाल्यावर एकसारखे दिसतात. डबीवर कागदी चिकटपट्टी लावून फिल्मचं नाव, आयएसओ (म्हणजे फिल्म उजेडाला किती संवेदनशील आहे तो आकडा), भरल्याची तारीख आणि किती फोटोंचा रोल ते लिहा. प्लॅस्टिकवर थेट लिहू नका. शाई एकतर पुसते किंवा कायमची बसते, आणि दोन्ही त्रासदायकच. तीच चिठ्ठी रोलवरही लावा, कारण डबी आणि रोल वेगळे झाले की डबीवरची माहिती कामाची राहत नाही. मोठ्या रिळाचा रिकामा डबा आणि आतली काळी पिशवीही जपून ठेवा. ती पिशवी उजेड पूर्ण अडवते, फोटोपेपर ठेवायला तिच्याइतकं सोयीचं काही नाही.

फ्रिजमध्ये रोल ठेवत असाल तर डबीचं खरं काम तिथे कळतं. कारखान्यातून रोल येतो तेव्हा डबीत कोरडी हवा असते, म्हणून न उघडलेली डबी तशीच थंडीत ठेवावी. बाहेर काढल्यावर मात्र लगेच उघडायची नाही. थंड फिल्मवर बाहेरच्या हवेतली वाफ दव होऊन बसते. डबी बंद ठेवूनच ती खोलीच्या तापमानाला येऊ द्या: फ्रिजमधून काढलेली असेल तर तासभर, फ्रीझरमधून असेल तर दीड-दोन तास. एकदा उघडलेल्या डबीत रोल परत थंडीत ठेवायचा असेल तर आत खोलीची दमट हवा शिरलेली असते. अशा वेळी डबी सिलिका जेलच्या पुडीसह घट्ट बंद होणाऱ्या पिशवीत टाका.

जास्त आयएसओच्या फिल्मला काळी डबी द्या, पांढुरकी नाही. रोलच्या फटीतून आणि बाहेर आलेल्या पट्टीतून थोडा उजेड आत झिरपू शकतो, आणि ३२०० आयएसओच्या फिल्मला तो थोडाही पुरतो. कोडॅकची एचआयई ही इन्फ्रारेड फिल्म तर डबीतून पूर्ण अंधारातच काढावी लागे. ती २००७मध्ये बंद झाली, पण जुन्या खोक्यांत तिचा रोल निघू शकतो, म्हणून सांगून ठेवतो. पांढुरक्या डबीचा फायदा प्रवासात: आत काय आहे ते न उघडता दिसतं, त्यामुळे विमानतळावर हाताने तपासणी मागताना काम सोपं होतं. काही जणांना वाटतं की डबी, विशेषतः धातूची, क्ष-किरणांपासून फिल्मला वाचवते. नाही वाचवत. प्लॅस्टिक आणि पातळ ॲल्युमिनियम दोन्ही क्ष-किरणांना जवळजवळ पारदर्शक आहेत, आणि हातातल्या सामानासाठी आलेले नवे सीटी स्कॅनर फिल्मचं नक्की नुकसान करतात.

आता फिल्मखेरीजचे उपयोग. सुया, बटणं, बारीक ड्रिल बिट, घड्याळाचे सेल, इअरफोनचे रबर, हे सगळं तुम्हाला सांगायला माझी गरज नाही. डबीत मावतं ते ठेवा, वर चिठ्ठी लावा. बियाणं ठेवायचं असेल तर ते आधी पूर्ण वाळलेलं हवं, नाहीतर बंद डबीत बुरशी येते. डबी खरंच पाणी अडवते का हे तपासायचं असेल तर आत कोरडा टिपकागद आणि साधारण ५० ग्रॅम वजन टाकून ती रात्रभर पाण्यात बुडवून ठेवा. वजन टाकावंच लागतं, कारण रिकामी डबी तरंगते. सकाळी कागद ओला निघाला तर ती डबी बागेत किंवा पावसात ठेवायच्या कामाची नाही. जीपीएसच्या मदतीने लपवलेली वस्तू शोधण्याचा जिओकॅशिंगचा खेळ २०००मध्ये सुरू झाला तेव्हा छोट्या लपवणुकीसाठी याच डब्या सर्रास वापरल्या गेल्या, आणि आतल्या वहीच्या भिजलेल्या पानांनी त्यांची मर्यादाही दाखवून दिली.

खाण्याचे पदार्थ, मसाले, औषधाच्या गोळ्या यांत ठेवू नका. प्लॅस्टिक विषारी आहे म्हणून नव्हे, ते साधं पॉलिथिलीन किंवा पॉलिप्रोपिलीनच आहे. पण ती डबी अन्नासाठी बनवलेली नाही, तिच्यात रसायनांचा थर असलेली फिल्म राहिलेली आहे, आणि औषधाच्या डबीवर जे नाव, तारीख आणि मात्रा असते ते इथे नसतं. शिवाय ती मुलांना सहज उघडते. झाकण तर लहान मुलाच्या घशात अडकण्याच्या मापाचं आहे, रांगणारं मूल घरात असेल तर सगळं खोकं उंचावर. डार्करूमची रसायनं, थिनर, पेट्रोल यांनाही ही डबी नको. झाकण फक्त दाबून बसवलेलं असतं, वायू सुटला की ते उडतं.

तेच उडणं शाळेत मात्र कामी येतं. पांढुरकी, आतून झाकण बसणारी डबी एक तृतीयांश पाण्याने भरायची, विरघळताना फसफसणारी गोळी टाकायची, पटकन झाकण दाबून डबी उलटी ठेवायची. कार्बन डायऑक्साइडचा दाब वाढतो, झाकण सुटतं आणि डबी वर झेपावते. नासाच्या शिक्षकांसाठीच्या साहित्यातला कागदी रॉकेटचा प्रयोग याच डबीवर बेतलेला आहे, आणि त्यातही आतून बसणारंच झाकण मागितलेलं आहे. डोळ्यांवर गॉगल हवा, आणि रॉकेट उडालं नाही तर वाकून बघायचं नाही.

काळ्या डबीचा प्रयोग जरा शांत आहे. विस्कॉन्सिन विद्यापीठात शाळांसाठी विकसित झालेल्या ‘फास्ट प्लांट्स’ या उपक्रमात ती वापरली गेली. डबीच्या भिंतीला तीन बारीक भोकं, त्यांवर लाल, हिरवी आणि निळी पारदर्शक पट्टी. झाकणात ओला टिपकागद, त्यावर मोहरीच्या कुळातलं बी, आणि वरून डबी उलटी बसवायची. दोन-तीन दिवसांनी उघडलं तर रोपटी निळ्या खिडकीकडे झुकलेली दिसतात. वनस्पतीची वाकण्याची क्रिया निळ्या प्रकाशावर चालते हे एवढ्याशा डबीत दिसतं.

माझा स्वतःचा आवडता उपयोग पिनहोल कॅमेऱ्याचा, म्हणजे भिंगाऐवजी बारीक छिद्र असलेल्या कॅमेऱ्याचा, आणि त्यालाही काळी डबीच लागते. मधोमध ५-६ मिलिमीटरचं भोक पाडा. शीतपेयाच्या कॅनचा पातळ पत्रा घेऊन त्याला बारीक सुईच्या टोकाने छिद्र करा, कड सँडपेपरने घासा आणि पत्रा आतून चिकटवा. छिद्र जवळपास पाव मिलिमीटरचं हवं. ३ सेंटिमीटर अंतराला तेच योग्य बसतं: मोठं झालं तर चित्र मऊ होतं, फार लहान झालं तर प्रकाशाच्या विवर्तनाने पुन्हा मऊच होतं. डार्करूममध्ये लाल दिव्याखाली ४ सेंटिमीटर उंच आणि ६ सेंटिमीटर लांब फोटोपेपर छिद्राच्या समोरच्या भिंतीला वळवून बसवा, कागदाची चकचकीत बाजू छिद्राकडे. राखाडी झाकणातून उजेड झिरपतो, त्यावर काळी टेप लावा. अशा कॅमेऱ्याचं छिद्र एफ/१२०च्या (अंतर भागिले छिद्राचा व्यास) आसपास येतं, म्हणजे कडक उन्हात दहा-वीस सेकंदांत पेपरवर निगेटिव्ह उमटते आणि ती नेहमीसारखी धुता येते.

पण डबी आठवडे किंवा महिने तशीच बांधून ठेवली तर वेगळंच काही मिळतं. २१ जून ते २१ डिसेंबर डबी एकाच जागी घट्ट बांधून ठेवा; उत्तर गोलार्धात तोंड दक्षिणेकडे, दक्षिण गोलार्धात उत्तरेकडे. सूर्य रोज थोडा वेगळ्या उंचीवरून जातो आणि कागदावर एकाखाली एक रेघा काढतो. ढगाळ दिवशी रेघ तुटते. हा कागद धुवायचा नाही. इतक्या उजेडाने तो आपोआपच काळवंडलेला असतो, डेव्हलपरमध्ये (प्रतिमा उमटवणारं रसायन) टाकला तर सगळाच काळा होईल आणि फिक्सरमध्ये (प्रतिमा पक्की करणारं रसायन) टाकला तर चित्र फिकं पडेल. मंद उजेडात काढा, स्कॅनरवर पूर्वदर्शन न घेता एकदाच स्कॅन करा आणि संगणकावर त्याचे रंग उलटवा. कागद नंतर काळ्या पिशवीत ठेवा. डबी बाहेर राहणार असल्याने कडा नीट टेप करा, आणि तिच्यावर ‘कॅमेरा आहे, उघडू नका’ असं लिहून मालकाची परवानगी घेऊनच बांधा. कुठल्यातरी खांबाला बांधलेली अनोळखी काळी नळी लोकांना घाबरवते.

ॲल्युमिनियमच्या डब्यांबद्दल वेगळं बोलायला हवं. त्या प्लॅस्टिकच्या आधीच्या काळातल्या, आणि आतलं-बाहेरचं छापील रंगकाम शाबूत असेल तर संग्राहक त्या शोधत असतात. म्हणून घासून चमकवू नका, जुनी चिठ्ठी काढू नका. झाकण अडकलं असेल तर पक्कड लावू नका, आटे दबतात. झाकणाभोवती जाड रबर बँड गुंडाळून पिळा, नाहीच फिरलं तर झाकण काही क्षण कोमट पाण्याखाली धरून पुन्हा प्रयत्न करा, पण आत रोल नाही याची खात्री करूनच. उघडल्यावर आत पांढरी भुकटी दिसली तर तो ॲल्युमिनियमचा गंज आहे, अशा डबीत फिल्म नको. निरोगी असेल तर तिच्यात न वापरलेला रोल ठेवायला हरकत नाही. फक्त आट्यांवर ती कितपत हवाबंद आहे याचा भरवसा धरू नका, फ्रिजमध्ये तिला पिशवी लागेलच.

किती ठेवायच्या? फिल्म वापरत असाल तर वर्षात जेवढे रोल लागतात तेवढ्या, वर थोड्या. बाकीच्या पुनर्वापराच्या कचऱ्यात टाकण्याआधी शेजारच्या फोटो लॅबला, फिल्म वापरणाऱ्या कुणाला किंवा शाळेतल्या विज्ञानाच्या शिक्षकांना विचारा. डबी आणि झाकण वेगवेगळ्या प्लॅस्टिकचं असू शकतं, आणि इतकी लहान वस्तू वर्गीकरणाच्या जाळीतून खाली पडून बहुतेकदा साध्या कचऱ्यातच जाते. द्यायच्याच झाल्या तर झाकणं लावून द्या, कारण हरवतं ते नेहमी झाकणच.